शहरातल्या जपानी-फ्रेंच बेकरीत जायचं, तर हिशेब परतीच्या गाडीपासून मांडा

शहरातून आणलेला क्रोसाँ (लोण्याच्या पदरांचा फ्रेंच पाव) घरी येईपर्यंत चपटा नि तेलकट होतो, क्रीमचा केक डब्याच्या झाकणाला चिकटतो आणि मग घरात सगळे म्हणतात, "एवढे पैसे घेऊन हेच देतात का बापा!" दोष बहुतेक वेळा बेकरीचा नसतो. कामांचा क्रम उलटा झालेला असतो. सकाळी बसमधून उतरलं की आधी बेकरी. मग तोच डबा हातात घेऊन दवाखाना, कापड दुकान, फवारणीच्या औषधांचं दुकान, आणि संध्याकाळच्या बसमध्ये तो डबा वरच्या रॅकवर.

या बेकऱ्या छोट्या असतात. एक भट्टी, काचेचं एक कपाट, चार-सहा खुर्च्या. कसब फ्रेंच, म्हणजे लोण्याचे पदर, कस्टर्ड, क्रीम. पाव आणि चवी जपानी, म्हणजे दुधाचा लुसलुशीत पाव, माचा (हिरव्या चहाची पूड), काळे तीळ, गोड सारणाचे बन. रोजचा माल मोजका आणि बहुतेक सकाळीच भाजलेला. तो लवकर संपतो आणि उन्हात लवकर बिघडतो. खालचा क्रम या दोन गोष्टी धरूनच लावला आहे.

## टप्पा १: आधी परतीची गाडी ठरवा

बेकरी किती वाजता उघडते हा प्रश्न नंतरचा. आधी मोजायचं ते असं: बेकरीतून डबा हातात आल्यापासून घरच्या फ्रिजपर्यंत किती तास? बेकरी ते बसस्थानक, गाडीची वाट पाहणं, प्रवास, फाट्यावर उतरून गावापर्यंतची मोटारसायकल, सगळं त्यात धरा. गावात जाणारी मुक्कामी गाडी एकच असेल तर ती उशिरा सुटते हेही गृहीत धरा.

लोणी ३२ ते ३५ अंशांना वितळतं. आपल्या विदर्भात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि उभ्या बसच्या आत त्याहून वर. क्रीम, कस्टर्ड, मूस (फेटून हलका केलेला क्रीमचा गोड पदार्थ) यांचा नियम आणखी कडक आहे: फ्रिजबाहेर जास्तीत जास्त दोन तास, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. म्हणून:

मार्च ते जूनचा मध्य: बर्फाची पेटी सोबत नसेल तर क्रीमचा एकही पदार्थ गावाकडे नेऊ नका. क्रोसाँसुद्धा तिथेच खा. न्यायचा तर पाव आणि बिस्किटं.

पावसाळा: उष्णता कमी, पण हवा ओली. कुरकुरीत ते सगळं मऊ पडतं आणि पावाला बुरशी लवकर धरते.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी: हाच खरा मोसम. तरी दोन तासांचा नियम क्रीमला थंडीतही लागूच आहे.

पुण्या-मुंबईहून रात्रभराच्या रेल्वेने परतणाऱ्यांनी क्रीमचा विचारच सोडून द्यावा. एसी डबा थंड असला तरी फ्रिज नव्हे.

तपासा: तास मोजून झाले का? दोनाच्या आत बसत असतील तरच क्रीमचा विचार, तोही पेटी घेऊन. बसत नसतील तर पुढचं सगळं वाचताना "कोरडा माल" एवढंच डोक्यात ठेवा.

## टप्पा २: आदल्या दिवशी फोन

छोट्या बेकऱ्यांना आठवड्याची सुट्टी असते आणि ती सहसा रविवारी नसते. बरेचदा सोमवार किंवा मंगळवार. आपल्याकडची माणसं मात्र रविवारची गर्दी टाळायची म्हणून नेमकी सोमवारी शहरात जातात आणि बंद शटरसमोर उभी राहतात. नकाशावर दाखवलेल्या वेळेवर विसंबू नका. अशा दुकानांचं खरं वेळापत्रक त्यांच्या इन्स्टाग्रामवर असतं आणि ते रोज बदलू शकतं.

फोन दुपारी तीन-चारला करा. सकाळी भट्टीसमोर कोणाला उसंत नसते. विचारायचं ते या क्रमाने:

१. उद्या दुकान उघडं आहे का, आणि पहिला माल किती वाजता बाहेर येतो?

२. फोनवर राखून ठेवता का? आगाऊ पैसे पाठवायचे का, आणि किती वाजेपर्यंत राखून ठेवता?

३. मला जे पदार्थ हवेत ते उद्या आहेत का? नुसतं "काय काय आहे" विचारलं तर लांबलचक यादी ऐकावी लागते आणि लक्षात काहीच राहत नाही.

४. अंडं, जिलेटिन, दारू, मांस-मासा यांपैकी कशात काय आहे?

चौथा प्रश्न फोनवरच विचारा, कारण काउंटरवर मागे रांग असताना नीट उत्तर मिळत नाही. "व्हेज आहे का?" एवढं विचारून भागत नाही. केकमध्ये अंडं असूनही "हो, व्हेज आहे" म्हणणारे भेटतात. लेबलच्या सरकारी नियमाप्रमाणे अंडं मांसाहारात मोडतं, त्याला तपकिरी त्रिकोणाची खूण लागते. हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी. पण काचेच्या कपाटातल्या सुट्या पदार्थावर खूण दिसेलच असं नाही, म्हणून तोंडाने विचारायचं.

कुठे काय लपलेलं असतं ते थोडक्यात. कस्टर्ड, एक्लेअर (क्रीम भरलेला लांबट, पोकळ गोड पदार्थ), ब्रिऑश (अंडी-लोण्याचा मऊ फ्रेंच पाव), कास्टेला (साधा जपानी केक) यांत अंडं असतंच. क्रोसाँच्या पिठात सहसा नसतं, पण वरच्या चकाकीसाठी अंडं फासलेलं असतं. मूस आणि आरशासारख्या चकचकीत केकात जिलेटिन असू शकतं, ते जनावरांच्या कातडी-हाडांपासून बनतं. त्याऐवजी अगर-अगर वापरलं असेल तर ते समुद्री शेवाळाचं, शाकाहारी. केकच्या पाकात रम किंवा ब्रँडी शिंपडायची फ्रेंच पद्धत आहे. आणि करेपान, म्हणजे आत रस्सा भरून तळलेला बन, जपानात बरेचदा गोमांसाचा असतो. इथे भाजीचा किंवा कोंबडीचा असेल, तरी विचारल्याशिवाय उचलू नका.

सावध: "एगलेस करून द्या" असा आग्रह इथे चालत नाही. या कामात अंडं ही चवीची बाब नसते, त्यावर पदार्थ उभा असतो. नको असेल तर दुसरा पदार्थ निवडा. आख्खा केक हवा असेल तर दोन दिवस आधी सांगा.

## टप्पा ३: घरून न्यायचं सामान

थर्माकोलची पेटी विकत घ्यायची गरज नाही. गावातल्या मेडिकलवाल्याकडे किंवा जनावरांच्या औषधांच्या दुकानात लसी अशाच पेट्यांतून येतात, सोबत जेलचे थंड पॅकही असतात. मागितलं तर देतात. पेटी आतून साबणाने धुऊन, उन्हात वाळवून घ्या आणि आत येणारी प्रत्येक वस्तू डब्यात बंद ठेवा. मासे आलेली पेटी मात्र फुकट मिळाली तरी नको. लोणी वास ओढून घेतं.

याशिवाय एक रुंद, उथळ, घट्ट झाकणाचा डबा, जुनी वर्तमानपत्रं, एक सुती पंचा आणि उभी राहील अशी पिशवी. रोख थोडी असू द्या; यूपीआय बहुतेक ठिकाणी चालतं, पण तुमच्या फोनची रेंज शहरात ऐन काउंटरवर दगा देते.

जेल पॅक आख्खी रात्र फ्रीजरमध्ये हवेत. रात्री लाइट गेली होती का ते सकाळी पॅक दाबून बघा; मधोमध मऊ लागला तर तो दुपारपर्यंत टिकणार नाही. आणि अडचण पुढेच आहे: सकाळी निघताना घेतलेला पॅक दुपारी बेकरीत पोचेपर्यंत अर्धा विरघळतो. त्यावर दोन उपाय. शहरात नातेवाईक किंवा शिकणारा पोरगा असेल तर पॅक तासाभरापुरता नव्हे, सकाळपासून त्याच्या फ्रीजरमध्ये ठेवा. नाहीतर पॅक नेऊच नका, आइस्क्रीमच्या किंवा कोल्ड्रिंकच्या दुकानातून बर्फ घेऊन दोन पिशव्यांत घट्ट बांधा.

तपासा: डबा पेटीत आडवा बसतो का, घरीच बघा. तिरपा बसणाऱ्या डब्यातला केक गावाला पोचत नाही.

## टप्पा ४: शहरात कामं आधी, उचलणं शेवटी

इथे सगळे चुकतात, आणि का चुकतात ते कळण्यासारखं आहे. माल दुपारी संपतो, म्हणून सकाळी धाव. पण सकाळी घेतलेला माल दिवसभर उन्हात. या पेचातून सुटण्यासाठीच टप्पा २ चा फोन होता.

राखून ठेवत असतील तर: कोर्ट, दवाखाना, खरेदी, जेवण सगळं उरका. गाडीच्या दीड तास आधी बेकरीत जा, अर्धा तास तिथे बसून खा, डबा उचला आणि सरळ बसस्थानक. नागपूरच्या गणेशपेठ बसस्थानकाहून गाडी असेल तर बेकरी ते स्थानक ऑटोचा वेळ संध्याकाळच्या गर्दीप्रमाणे धरा, नकाशाने दाखवलेला नव्हे.

राखून ठेवत नसतील तर: सकाळी जा, जे खायचं ते तिथेच खा, आणि सोबत फक्त न कापलेला पाव नि बिस्किटं घ्या. ती दिवसभर पिशवीत राहिली तरी बिघडत नाहीत. या दोन वाटांच्या मधली तिसरी वाट, "चार एक्लेअर घेऊन ठेवू, बघू काय होते", ही पैसे वाया घालवायची वाट आहे.

खताचं पोतं, बियाण्याच्या बॅगा घेऊन त्या चिमुकल्या दुकानात शिरू नका. सामान स्थानकावर ओळखीच्या कँटीनवाल्याकडे ठेवून या.

## टप्पा ५: दुकानात शिरल्यावर

जपानी पद्धतीच्या दुकानात दाराजवळ ट्रे आणि चिमटे रचलेले असतात. ट्रे आपण घ्यायचा, चिमट्याने आपणच उचलायचं, काउंटरवर न्यायचं. तिथे एकेक नग वेगळा बांधून देतात. फ्रेंच पद्धतीत सगळं काचेमागे असतं, बोट दाखवून मागायचं. कोणती पद्धत आहे ते ट्रे दिसतात का यावरून ओळखा.

१. ट्रे घेण्याआधी एक फेरी रिकाम्या हाताने मारा. पहिल्याच फळीवर ट्रे भरला की पुढचं चांगलं दिसूनही जागा राहत नाही.

२. जड आधी, हलकं नंतर. पाव नि बन खाली, क्रोसाँ बाजूला. एकावर एक रचू नका.

३. चिमट्याने हलकंच धरा. दाबून ताजेपणा बघायची भाजीबाजारातली सवय इथे नको. आणि एकदा उचललेलं परत ठेवायचं नाही.

४. सोबत लहान पोरं असतील तर चिमटा मोठ्यांच्याच हातात.

आता निवड. पहिल्यांदा जात असाल तर साधा क्रोसाँ आणि शोकुपान, या दोन गोष्टी घ्याच. दुकानाचा हात कसा आहे ते या दोनांतच कळतं. बदाम, चॉकलेट, माचा भरलेल्या क्रोसाँत कच्चं काम झाकलं जातं. साध्यात लपायला जागा नाही. पिठात लोण्याचा थर ठेवून तीन वेळा तीन पदरी घडी घातली की लोण्याचे २७ थर होतात, भट्टीत त्यांची वाफ पीठ फुगवते. म्हणून चांगला क्रोसाँ आकाराने मोठा आणि हाताला हलका लागतो, कापला की आत मोकळी जाळी दिसते. जड, आत गच्च आणि कागदावर तेलाचा डाग सोडणारा असेल तर लोणी भट्टीत जायच्या आधीच वितळलं होतं.

शोकुपान हा जपानी दुधाचा पाव. बरेच बेकर थोडं पीठ आधी उकळत्या पाण्यात भिजवून किंवा शिजवून मग कणकेत घालतात, त्यामुळे पाव जास्त पाणी धरून ठेवतो आणि दोन-तीन दिवस मऊ राहतो. गावाकडे न्यायला याच्यासारखा दुसरा पदार्थ नाही. चौकोनी असेल तो झाकण लावलेल्या साच्यातला; वर फुगवटा असेल तो उघड्या साच्यातला. न कापलेलाच घ्या.

अनपान आजी-आजोबांसाठी घ्या, बिनधास्त. आत अझुकी या लाल कडधान्याचं गोड सारण असतं, म्हणजे पुरणच म्हणा, फक्त वेलची-जायफळ नसलेलं. मेलनपानमध्ये सहसा खरबूज नसतं. वर बिस्किटाच्या पिठाचं चौकडीचं कवच असतं, त्यावरून नाव पडलं असं म्हणतात. पोरांना आवडतो, पण पावसाळ्यात त्याचं कवच संध्याकाळपर्यंत मऊ पडतं.

माचा हा हिरव्या चहाचा पूड, आणि तो कडू असतो. हिरवा रंग बघून पोरं पिस्ता समजून हट्ट धरतात आणि पहिल्या घासाला तोंड वाकडं करतात. एकच घ्या, चौघांत वाटा. होजिचा हा भाजलेल्या पानांचा चहा, त्याची चव आपल्या जिभेला लवकर जमते. काळ्या तिळाचं क्रीम दिसायला सिमेंटसारखं, खायला उत्तम. युझू हे आंबट, सुवासिक लिंबूवर्गीय फळ आहे.

आणि किनाको लिहिलेलं दिसलं तर थांबा: ते भाजलेल्या सोयाबीनचं पीठ आहे. आपलं सोयाबीन तेलाला नि पेंडेला जातं, भावासाठी आपण बाजार समितीत भांडतो, आणि इथे तेच पीठ गोडावर भुरभुरून मोठ्या दराने विकतात. खाऊन बघाच. सोयाबीनची अॅलर्जी असणाऱ्याने मात्र किनाको आणि मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा), दोन्ही टाळायचं.

सावध: भाव फळीवरच्या चिठ्ठीवर असतो, तो ट्रेमध्ये टाकण्याआधी वाचा. साधा क्रोसाँसुद्धा शंभराच्या वर जातो, आणि घासाघीस इथे नसते. सहा जणांना एकेक नग घेण्यापेक्षा चार वेगळे घेऊन कापून वाटा.

## टप्पा ६: तिथेच खायचं ते तिथेच

क्रीम, कस्टर्ड, मूस, फळांचे टार्ट आणि क्रोसाँ या सगळ्यांची जागा दुकानातलं टेबल. आधी साधं, मग फळाचं, शेवटी चॉकलेट. उलटं केलं तर साध्याची चव लागत नाही. सोबत बिनसाखरेचा चहा किंवा काळी कॉफी घ्या. क्रोसाँ हाताने तोडून खातात, पदर सांडतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही. गर्दी असेल तर खाऊन झाल्यावर खुर्ची सोडा.

## टप्पा ७: बांधणं आणि प्रवास

गरम माल बंद डब्यात घालायचा नाही. वाफ आतच फिरते, वरचा पापुद्रा ओला होतो आणि पावाला लवकर बुरशी येते. पाव कोमट असेल तर पिशवीचं तोंड उघडं ठेवा, पूर्ण गार झाल्यावरच बांधा.

क्रीमची पेटी अशी भरा: तळाला बर्फ किंवा जेल पॅक, त्यावर वर्तमानपत्राचे चार-पाच थर, मग डबा, बाजूच्या पोकळीत पंचा, वर आणखी एक पॅक असेल तर तोही कागदात गुंडाळून. पुठ्ठ्याचा खोका थेट बर्फाला लागला तर पाणी सुटून तळ फाटतो. झाकणाला चिकटपट्टी लावा आणि घरी पोचेपर्यंत उघडू नका. शेजारच्या सीटवरच्या बाईने कितीही कौतुकाने विचारलं तरी.

एसटीत मधली सीट पकडा. मागच्या चाकावरच्या सीटवर प्रत्येक खड्डा डब्यात उतरतो. डबा मांडीवर किंवा पायाशी आडवा; वरच्या रॅकवर नाही, उन्हाच्या खिडकीशी नाही, इंजिनाच्या झाकणाजवळ तर नाहीच. फाट्यावरून मोटारसायकलने जायचं असेल तर मागे बसणाऱ्याच्या मांडीवर. हुकाला अडकवलेली पिशवी गुडघ्यांवर आपटत जाते आणि केक एका बाजूला गोळा होतो.

## टप्पा ८: घरी पोचल्यावर

पहिलं काम, क्रीमचे पदार्थ फ्रिजमध्ये. त्या रात्री नाहीतर दुसऱ्या दिवशी संपवा. प्रवासात वेळ गेला असेल, पॅक पूर्ण विरघळून डबा कोमट लागत असेल, तर फेकून द्या. वास नाही आला म्हणजे चांगलं असं नसतं. काही जंतूंचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. पैसे गेल्याचं दुःख होतं, पण लहान पोरांना आणि म्हाताऱ्यांना ते देऊ नका.

पाव फ्रिजमध्ये ठेवायचा नाही. फ्रिजच्या थंडीत पावातला स्टार्च लवकर घट्ट होतो आणि तो बाहेर ठेवलेल्यापेक्षा आधी शिळा लागतो. थंडीच्या दिवसांत कापडात गुंडाळून डब्यात दोन-तीन दिवस, उन्हाळ्या-पावसाळ्यात एकच दिवस. जास्त असेल तर जाड चकत्या कापून, पिशवीत हवा काढून फ्रीजरमध्ये टाका आणि लागेल तशी चकती सरळ गरम तव्यावर घ्या. आधी वितळवायची गरज नाही. पाव दातेरी सुरीने कापा, साध्या विळीने तो दबतो.

क्रोसाँ आणलाच असेल तर मायक्रोवेव्ह नको, चामट होतो. जाड बुडाच्या कढईत जाळीचा स्टँड ठेवा, झाकण लावून मंद आचेवर पाच-सात मिनिटं तापवा, मग क्रोसाँ ठेवून पुन्हा झाकण, पाच मिनिटं. मध्ये एकदा झाकण उचलून वाफ सोडा. बाहेर काढून दोन मिनिटं उघडा राहू द्या, कारण कुरकुरीतपणा गार होताना येतो. आत क्रीम भरलेला असेल तर अजिबात गरम करू नका.

गावात वाढदिवसासाठी केक न्यायचा असेल तर वेगळा विचार करा. मूस, ताज्या क्रीमचे थर, वर फळं रचलेला केक, हे सगळं बाद. कास्टेला मागा: अंडी, साखर, मैदा यांचा साधा, ओलसर, वर काहीच न लावलेला जपानी केक. त्यात अंडी भरपूर असतात, तेवढं चालत असेल तर तो उन्हाळा सोडून इतर दिवसांत बर्फाशिवाय गावापर्यंत व्यवस्थित जातो. अंडं चालत नसेल तर शोकुपानच्या जाड चकत्या घ्या, त्या लोण्यात परता आणि वर साखर किंवा मध घाला.